साठ हजारांचा एसी कोर्स: भावासाठी एफडी मोडू का?

"दादा नमस्कार, मी कळव्याला राहते, ठाण्यात एका लॅबमध्ये रिसेप्शनला आहे. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ, वय २०. त्याला दहावीला ५६ टक्के, बारावी कॉमर्स कशीबशी झाली आणि एफवायला कॉलेज सोडलं. गेले दोन उन्हाळे तो इथल्याच एका एसीवाल्याकडे हेल्पर म्हणून जातोय आणि पहिल्यांदाच त्याला काहीतरी मनापासून आवडलंय. आता एका इन्स्टिट्यूटमध्ये तीन महिन्यांचा 'एचव्हीएसी (हीटिंग, व्हेंटिलेशन आणि एसी) डिप्लोमा' करायचा म्हणतोय, फी ६० हजार, शंभर टक्के जॉब, पुढे दुबई. मामा म्हणतो आयटीआय कर, तर हा म्हणतो सोळा वर्षांच्या पोरांबरोबर दोन वर्षं बसू का मी? ज्यांच्याकडे जातो ते म्हणतात कोर्सबिर्स काही लागत नाही, माझ्याबरोबर रहा. आईचं वेगळंच, तो छज्जावर उतरून काम करतो याची तिला धडकी भरते. पैसे मलाच द्यायचेत, एफडी मोडावी लागेल. मोडू का? – एक मोठी बहीण, कळवा"

ताई, आधी उत्तर देतो आणि मग कारणं, नाहीतर तुमचं वाचून होईपर्यंत साहेब फी भरून मोकळे व्हायचे. एफडी मोडू नका. या कोर्ससाठी तरी नकोच. पण भावाला या लाइनमधून बाहेर काढायचाही विचार करू नका, लाइन चांगली आहे, आणि वीस वर्षांच्या पोराला एखादं काम आवडतंय ही गोष्ट साठ हजारांपेक्षा मोठी आहे. मी स्वतः याच धंद्यात वाढलो, आधी घरोघरी सर्व्हिस, मग प्लांट, आता पोरांना शिकवतो, त्यामुळे मामाचं, मिस्त्रीचं आणि इन्स्टिट्यूटवाल्याचं, तिघांचं बोलणं मला कुठून येतं ते नीट कळतंय.

मिस्त्रीपासून सुरू करू कारण तो अर्धा बरोबर आहे. दोन उन्हाळ्यात तुमचा भाऊ जे शिकला ते कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत, म्हणजे लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये आउटडोअर चौथ्या मजल्यावर कसा चढवायचा, कॉपरचा पाइप न चेपता कसा वाकवायचा, भिंतीला होल मारताना आतल्या वायरचा अंदाज कसा घ्यायचा, आणि मे महिन्यात घामाने भिजलेल्या गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं. हे सगळं सोनं आहे, त्याला म्हणावं टाकून देऊ नकोस. पण मिस्त्रीच्या हाताखाली हातासोबत सवयी पण येतात आणि त्यातल्या काही सवयी आजच्या मशीनला चालत नाहीत. मिस्त्री शिकला तेव्हा सगळीकडे आर-२२ हा जुना कूलिंग गॅस होता, कॉम्प्रेसर एक तर चालू नाहीतर बंद, पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्ड असला तरी नावाला. त्या काळात निम्म्या चुका मशीन पोटात घालायचं. आता नाही घालत.

मी सांगतो त्यावर विश्वास ठेवू नका, तुम्हीच चेक करा. आज रात्री जेवताना भावाला तीन प्रश्न विचारा, परीक्षा घेतेय असं वाटू देऊ नका, सहज विचारा.

पहिला प्रश्न, नवीन स्प्लिट एसी बसवताना पाइप जोडून झाले की व्हॉल्व उघडायच्या आधी काय करता? तो जर म्हणाला की आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून पाइपातली हवा बाहेर काढतो आणि मग नट टाइट करतो, तर समजा मिस्त्री जुन्या वळणाचा आहे. बरोबर उत्तर असं की आधी नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट, लीक नाही ना बघायचं, मग व्हॅक्युम पंप लावायचा आणि ५०० मायक्रॉनपर्यंत (हे व्हॅक्युमचं माप, आकडा जितका कमी तितकी आत हवा कमी) खाली नेऊन ते टिकतंय का बघायचं. का? तर पाइपात राहिलेली हवा कंडेन्सरमध्ये, म्हणजे आउटडोअरच्या जाळीत जाऊन बसते, ती काही गॅससारखी थंड होऊन लिक्विड होत नाही, हेड प्रेशर म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढचा दाब वाढतो, लाइट बिल वाढतं आणि कॉम्प्रेसर तापतो. आणि हवेतली ओल त्याहून वाईट. आर-४१०ए आणि आर-३२ या नव्या गॅसच्या मशीनमध्ये बहुतेक करून पीओई नावाचं तेल असतं, ते ओल ओढून घेतं, ओल आणि तेल मिळून ॲसिड तयार होतं आणि ते हळूहळू कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीला खातं. गिऱ्हाइकाला हे त्या दिवशी दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी दिसतं, तोवर मिस्त्री नंबर बदलून मोकळा.

दुसरा प्रश्न, आर-३२ च्या इन्व्हर्टर एसीत गॅस किती भरायचा हे कशावरून ठरवता? "गेज बघून", म्हणजे गॅसच्या दाबाचा काटा बघून, हे उत्तर तुम्हाला शंभरातून नव्वद पोरांकडून मिळेल (हा आकडा मी असाच म्हणतोय, मोजलेला नाही). इन्व्हर्टर कॉम्प्रेसर स्वतःचा स्पीड सारखा बदलत असतो, त्यामुळे गेजचा काटा पण हलत राहतो, त्याच्यावर भरवसा ठेवून गॅस भरला की एकतर कमी पडतो नाहीतर जास्त होतो. आउटडोअरच्या प्लेटवर गॅस किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं, पाइप ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचा ते मॅन्युअलमध्ये असतं, आणि सिलेंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच सोडायचा असतो. लीक झालेलं मशीन असेल तर आधी लीक शोधायचा, उरलेला गॅस काढून घ्यायचा, व्हॅक्युम करायचा आणि मग वजनाने भरायचा. "टॉपअप मारून देतो" हा शब्द ज्या दिवशी तुमचा भाऊ वापरायचा बंद करेल त्या दिवशी तो मिस्त्रीच्या पुढे गेला समजा.

आता विषय निघालाच आहे तर एक आपल्या भागातली गोष्ट सांगतो. ऐरोली, कोपरखैरणे, वाशीला खाडीच्या किंवा मोठ्या नाल्याच्या कडेला ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा, दर सीझनला गॅस जातो, दर सीझनला कोणीतरी येऊन भरून जातो. नाल्यातून येणारा तो सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, तो तांब्याला काळं करतो आणि खातो, आणि कूलिंग कॉइलची ट्यूब इतकी पातळ असते की तिला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. तिथे गॅस भरून काय होणार, कॉइल बदलायला लागते किंवा नवीन घेताना कोटिंगवाली बघायला लागते. हे ज्याला माहीत आहे तो गिऱ्हाइकाला सरळ सांगतो, आणि असं सरळ सांगणाऱ्याचा नंबर मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो.

तिसरा प्रश्न इलेक्ट्रिकलचा. जुन्या साध्या कॉम्प्रेसरला तीन टर्मिनल असतात, कॉमन, स्टार्ट आणि रन, पण वर नाव लिहिलेलं नाही, तर मीटरने कसं ओळखशील? समजा दोन-दोन टर्मिनलवर मीटर लावून २ ओहम, ३ ओहम आणि ५ ओहम आलं. सगळ्यात जास्त म्हणजे ५ ज्या दोघांमध्ये आलं ते स्टार्ट आणि रन, उरलेला तो कॉमन. मग कॉमनपासून ज्याला २ आला तो रन आणि ज्याला ३ आला तो स्टार्ट. दोन मिनिटांचं काम आहे, पण हे कळायला वाइंडिंग म्हणजे काय ते डोक्यात बसलेलं लागतं. आणि त्याला हे आलंच, तर वर एक टाका की इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला काय येईल? तिथे तिन्ही जोड्यांना जवळपास सारखाच ओहम यायला हवा, कारण ती थ्री फेज मोटर आहे, टर्मिनलची नावं पण यू, व्ही, डब्ल्यू.

तिन्ही बरोबर आली तर मिस्त्री हिरा आहे, अजून एक सीझन तिथेच काढू द्या. पण मला वाटतं पहिल्या दोनमध्येच गाडी अडकेल, आणि त्यात पोराची काही चूक नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही. या धंद्यात गॅस भरता आला की एसी आला असं सगळ्यांना वाटतं आणि प्रत्यक्षात बऱ्याचशा कंप्लेंट इलेक्ट्रिकलच्या असतात, कपॅसिटर गेला, फॅन मोटर जाम, सेन्सर गेला, पीसीबीवर मुंग्या नाहीतर पाल. आणि इन्व्हर्टरचा पीसीबी म्हणजे गंमत नाही, त्याच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी असतो आणि स्विच बंद केला, प्लग काढला तरी तो काही वेळ आत तसाच बसलेला असतो. मीटर न लावता बोट घातलं की संपलं. तुमच्या आईला छज्जाची भीती वाटते, मला याची जास्त वाटते.

तर मग हे सगळं शिकायचं कुठे. मामा बरोबर बोलतोय ताई, आयटीआय. ट्रेडचं नाव आता रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन असं आहे, पूर्वी मेकॅनिक म्हणायचे, दोन वर्षांचा आहे, दहावीवर मिळतो, त्याची बारावी कॉमर्स आडवी येत नाही आणि उपयोगालाही येत नाही, दहावीचेच मार्क धरतात. वयाला वरची मर्यादा नाही, चौदा वर्षं पूर्ण एवढंच. त्यामुळे सोळा वर्षांच्या पोरांबरोबर बसायची लाज हा त्याचा प्रश्न आहे, आयटीआयचा नाही. आणि खरं सांगू का, प्रत्येक बॅचला चार-दोन मोठी पोरं असतातच, कोणी कंपनीतून सुटलेला, कोणी बीकॉम झालेला, आणि ज्याने आधी हेल्परकी केलीय तो पहिल्याच महिन्यात वर्कशॉपचा दादा होतो कारण बाकीच्यांना फ्लेअर नट कुठल्या बाजूने घालायचा ते पण माहीत नसतं. पाइपचं तोंड फुलवून झाल्यावर लक्षात येतं की नट बाहेरच राहिला.

अ‍ॅडमिशन सगळ्या महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन पोर्टलवरून होते, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या म्हणजे डीव्हीईटीच्या, दहावीचा निकाल लागायच्या सुमारास फॉर्म सुरू होतात. ऑप्शन भरताना एकच आयटीआय टाकून बसू नका. ठाण्याला वागळे इस्टेटला सरकारी आयटीआय आहे, शिवाय अंबरनाथ आहे, पनवेल आहे, त्या वर्षी हा ट्रेड कुठे कुठे आहे आणि किती सीटा आहेत ते यादीत बघून सगळे टाका. ट्रेन आहे की, कळव्याहून अंबरनाथला लोक रोज उलट्या दिशेने आरामात जातात, सकाळी डाउनला बसायला पण जागा मिळते. सरकारी मिळालं तर फी त्या साठ हजारांच्या आसपासही जात नाही. प्रायव्हेट आयटीआय असेल तर ट्रेडला केंद्र सरकारच्या डीजीटीची (लोक अजून जुन्या नावाने एनसीव्हीटी म्हणतात) मान्यता आहे का ते बघूनच पैसे द्या, बोर्डावर लिहिलेलं बघू नका, सरकारी पोर्टलवर त्या संस्थेचं आणि त्या ट्रेडचं नाव बघा.

आयटीआयला नावं ठेवणारे पण आहेत आणि त्यांचंही खोटं नाही. काही ठिकाणी मशीनं जुनी आहेत, विंडो एसी उघडून बंद करून पोरं पास होतात, काही ठिकाणी सरच नसतात महिना महिना. पण दोन गोष्टी तिथे मिळतात ज्या तीन महिन्यात कोणीच देऊ शकत नाही. एक म्हणजे सायकल डोक्यात बसायला लागणारा वेळ, कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व, इव्हॅपोरेटर, हे चार शब्द पाठ व्हायला दहा मिनिटं लागतात पण फ्रीज, वॉटर कूलर, डीप फ्रीझर, कारचा एसी, चिलर या सगळ्यात तेच चार जण वेगवेगळे कपडे घालून उभे आहेत हे कळायला एक वर्ष जातं. ते कळलं की हीटिंग पण आलंच, हॉटेलात गरम पाण्याला हीट पंप लावतात तो म्हणजे हीच सायकल, फक्त उष्णता जिथे टाकायची तिथे पाणी ठेवलंय. आणि दुसरं, आयटीआय झाल्यावर अ‍ॅप्रेंटिसशिप, १९६१ च्या कायद्याखाली मोठ्या कंपन्यांना अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, स्टायपेंड मिळतो, पगार नाही म्हणता येणार पण जाण्यायेण्याचं आणि डब्याचं निघून थोडं उरतं, आणि शेवटी परीक्षा देऊन एनएसी, म्हणजे सरकारी सर्टिफिकेट मिळतं. मोठ्या कंपनीच्या प्लांटमध्ये, रेल्वेत, सरकारी ठिकाणी अर्ज करताना हा कागद कामाला येतो. तीन महिन्यांच्या डिप्लोमाचा कागद तिथे कोणी उघडून पण बघत नाही. आणि उद्या त्याचं मन झालं तर आयटीआयवर पॉलिटेक्निकला थेट सेकंड इयरला जायची वाट पण उघडी राहते.

घर दोन वर्षं कसं चालेल हा तुमचा खरा प्रश्न असणार, तुम्ही पत्रात लिहिला नसला तरी. संध्याकाळ आणि रविवार त्याच्या हातात असतात, मार्च ते जून मिस्त्रीला माणसं कमीच पडतात, त्यामुळे मिस्त्रीशी भांडून सोडू नये, "काका, रविवारी येतो" म्हणून संबंध ठेवावेत. पावसाळा लागला की तसंही स्प्लिट एसीचं काम बसतं, जुलै-ऑगस्टला हेल्परला कोण बोलावतंय?

आणि समजा दोन वर्षं जमतच नाहीत, घरची परिस्थिती तशी आहे, तर मधली वाट पण आहे. आयटीआय न करता सरळ अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागता येतं, सरकारच्या अ‍ॅप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव टाकायचं, एसी कंपन्यांची आणि त्यांच्या सर्व्हिस सेंटरची मागणी तिथे येत असते. कौशल्य विकासच्या योजनांमध्ये फील्ड टेक्निशियन एअर कंडिशनर असा छोटा कोर्स असतो, त्याला फी नसते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे लोकल मिस्त्री सोडून एखाद्या ब्रँडच्या ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला लागायचं, तिथे नवीन मॉडेल आलं की ट्रेनिंगला पाठवतात, एरर कोडची पुस्तकं मिळतात आणि मुख्य म्हणजे व्हॅक्युम न करता आलेल्याला साहेब झापतात.

आता ते इन्स्टिट्यूट. सगळेच शॉर्ट कोर्स फालतू असतात असं मी म्हणणार नाही, ज्याचा पाया झालाय त्याला व्हीआरएफ (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालणारी सिस्टिम) किंवा पीसीबी रिपेअरिंगचा छोटा कोर्स कामाला येतो. भाऊ हट्टालाच पेटला तर तुम्ही दोघं न सांगता, मधल्या वारी, दुपारी जाऊन या. ऑफिसात बसून ब्रोशर बघू नका, वर्कशॉप दाखवा म्हणा. तिथे कचऱ्याची बादली बघा, तिच्यात कापलेले पाइप आणि फाटलेले फ्लेअर पडलेले दिसले तर पोरं काम करतात, बादली स्वच्छ असेल तर करत नाहीत. व्हॅक्युम पंपला एक छोटी काच असते तेलाची, ते तेल काचेसारखं स्वच्छ आणि पंपावरचं स्टिकर पण निघालेलं नसेल तर तो शोभेचा आहे. नायट्रोजनचा सिलेंडर आहे का आणि त्याला रेग्युलेटर लावलाय का बघा. एका मशीनभोवती किती पोरं उभी आहेत मोजा, पंधरा जण असतील तर चौदा जण व्हिडिओ काढतायत. इन्व्हर्टर आणि आर-३२ ची चालू मशीनं आहेत का विचारा. आणि शंभर टक्के जॉबचं काय ते लेखी द्या म्हणा, कुठल्या कंपनीत, किती पगारावर, नाही लागला तर फी परत का. माणूस लगेच "असिस्टन्स" या शब्दावर येतो. मी अजून एकही बघितला नाही जो आला नाही.

दुबईचं दोन ओळीत सांगतो. तिकडे स्प्लिट साफ करणारे नकोत, तिकडे मोठ्या बिल्डिंगच्या सेंट्रल एसीवाले, म्हणजे चिलर, डक्ट, एएचयू, एफसीयू वाले हवेत आणि ट्रेड टेस्ट घेऊनच नेतात, तेव्हा आयटीआय आणि दोन-तीन वर्षं प्लांटचा अनुभव असेल तर बोलायचं. आणि कधीही गेला तरी एजंट परराष्ट्र खात्याकडे रजिस्टर्ड आहे का ते ई-मायग्रेटवर बघायचं, त्याला सर्व्हिस चार्ज म्हणून ३० हजार आणि वर जीएसटी, याच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. जो लाखाची गोष्ट करतो त्याच्याकडे चहा पण पिऊ नका.

मला विचाराल तर त्याला दुबईपेक्षा ठाणे-बेलापूर रोड दाखवा. सगळी पोरं स्प्लिट एसीच्या मागे लागतात आणि खरं काम तिकडे पडलंय. ऐरोली, रबाळे, महापेची डेटा सेंटरं, तिथे बाहेर पाऊस पडो नाहीतर थंडी, आत कूलिंग एक मिनिट बंद पडून चालत नाही, वर्षभर तीन शिफ्टला माणसं लागतात. तुर्भ्याच्या मार्केटच्या आसपासची कोल्ड स्टोरेजं, तळोज्याला मासळीचे एक्स्पोर्टवाले, यांच्यात बऱ्याच ठिकाणी अमोनियाचे प्लांट आहेत. अमोनिया तांब्याला खातो म्हणून तिथे सगळी लोखंडी पाइपिंग, वास आला की पळायची दिशा आधी ठरवून ठेवायची, म्हणून तिथे शिकलेला ऑपरेटर पटकन कोणी सोडत नाही. आणि उरणला जेएनपीएच्या बंदरात रीफर म्हणजे फ्रीजवाले कंटेनर, उणे अठरा डिग्रीला मासे नाहीतर मांस भरून जाणारे, प्रत्येक कंटेनर रिकामा आला की परत भरायच्या आधी त्याचं मशीन तपासायला टेक्निशियन लागतो. या लाइनचं नाव पण ठाण्याच्या पोरांना माहीत नसतं. सीझन नाही, गिऱ्हाइकाशी घासाघीस नाही, पीएफ असतो. तुमच्या घराला महिन्याच्या महिन्याला पगार हवाय, मेमध्ये खूप आणि ऑगस्टमध्ये शून्य असं नकोय, म्हणून सांगतोय.

घाई नाही याचं अजून एक कारण आहे. हा धंदा त्याच्या उमेदीच्या काळातच पूर्ण बदलणार आहे. आर-२२ ओझोनला मारतो म्हणून माँट्रियल कराराखाली आपल्याकडे २०३० पर्यंत जवळपास बंद व्हायचाय. त्याच्या जागी आलेले आर-४१०ए वगैरे ओझोनला काही करत नाहीत पण तापमान वाढवतात, म्हणून त्याच करारात किगालीला झालेल्या दुरुस्तीप्रमाणे भारतात त्यांचा वापर २०२८ ला गोठवायचा, २०३२ पासून कमी करत आणायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचा असं ठरलंय. तेव्हा तुमचा भाऊ चाळिशीत असेल, म्हणजे त्याच्या हयातीत गॅस दोन-तीनदा बदलणार. आणि नवीन येणारे बरेचसे पेट घेणारे आहेत. आर-३२ थोडासा, पण आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, काही घरगुती एसीत तो आत्ताच आहे, आणि नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो तो आयसोब्युटेन, लायटरमधल्या ब्युटेनचा सख्खा भाऊ. आत गॅस असताना पाइपावर वेल्डिंगचा टॉर्च मारायची सवय घेऊन जो या मशीनवर जाईल त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

हे आलंय तर आईच्या भीतीचं पण बोलू. तिची भीती खरी आहे, तिला "काही होत नाही गं" म्हणून गप्प करू नका. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये बिल्डरने आउटडोअरला जागा दिलेली असते पण तिथे माणूस उभा कसा राहणार याचा विचार केलेला नसतो. भावाला सांगा, फुल बॉडी हार्नेस, कमरेचा नुसता पट्टा नाही, आणि त्याचा हुक पक्क्या जागी, खिडकीच्या ग्रिलला नाही. नसेल तर उतरायचं नाही, मिस्त्री चिडला तर चिडू दे. दुसरं, लीक बघायला पाइपात ऑक्सिजन कधीच भरायचा नाही, काही जण नायट्रोजन नाही म्हणून वेल्डिंगचा सिलेंडर लावतात, तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की बॉम्ब होतो. तिसरं, एसी काढताना पंप डाउन करतात, म्हणजे सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, तेव्हा लाइन कुठे उघडी किंवा लीक असेल तर कॉम्प्रेसर हवा ओढतो आणि फुटतो, त्यामुळे व्हॉल्व बंद झाले की लगेच पॉवर बंद करायची आणि मगच नट सोडायचा. आणि बँकेत जाऊन आजच त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, वर्षाला २० रुपये कापतात, अपघाताला दोन लाखांचं कव्हर आहे. हेल्परला मिस्त्री काही विमा देत नसतो.

एफडीला हात लावायचाच असेल तर तो टूल्ससाठी लावा आणि तो पण एकदम नाही. क्लॅम्प मीटर, फ्लेअरिंग टूल, आर-३२ चालणारा गेजचा सेट (आर-२२ च्या मशीनला सक्शनला, म्हणजे गॅस आत येतो त्या बाजूला, सत्तर पीएसआय दाब दिसतो तिथे याला सव्वाशेच्या आसपास दिसतो आणि डिस्चार्जला, म्हणजे बाहेर जातो त्या बाजूला, चारशेच्या वर, जुने पाइप तडकतात), वजनकाटा, छोटा व्हॅक्युम पंप, हे सगळं साठ हजारात येऊन वर पैसे उरतील. पण आत्ता फक्त मीटर घ्या, कपॅसिटन्स आणि डीसी व्होल्ट दोन्ही दाखवणारा, लॅमिंग्टन रोडला जाऊन चांगल्या कंपनीचा, बिल घेऊन. बाकीचं दुसऱ्या वर्षाला गेल्यावर, आणि निम्मे पैसे त्याच्या रविवारच्या कामातून.